लावला आणि लागला

तिन्हीसांजा झाल्या की आमची आई पुण्यात राहत नाही.

म्हणजे तशी ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीपाशी ठेवलेल्या आरामखुर्चीतच असते. हातात माळ असते, मांडीवर शाल असते. पण घड्याळाचा काटा साडेसहाच्या पुढं सरकला की ती मनानं उठून चालू लागते. कुंभार्ली घाट उतरते, चिपळूण मागं टाकते आणि गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी, जांभ्या दगडाची पाखाडी चढून थेट ओटीवर जाऊन उभी राहते. मग कुठून तरी लांबून यावा तसा खुर्चीतून आवाज येतो, "काय रे, दिवा लागला असेल का?"

२०२१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, न्हाणीत घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. हाड सांधलं, पण गावी एकटीनं राहणं संपलं ते संपलंच. घराला कुलूप लागलं. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हापासून तिन्हीसांजेला ओटीवर दिवा लागला नाही असं कधी झालेलं नव्हतं. माझे वडील गेले त्या संध्याकाळीसुद्धा तिनं रडता रडता कुणाला तरी दिव्याकडे बोट करून दाखवलं होतं. पुण्याला निघताना गाडीत बसली आणि एवढंच म्हणाली, "घर बंद ठेवा, पण काळोखात ठेवू नका."

ते काम गडग्यापलीकडच्या वहिनींनी आपणहून अंगावर घेतलं. रोज तिन्हीसांजेला त्या बेडं सारून आमच्या अंगणात यायच्या, ओटीवरचा दिवा लावायच्या, तुळशीपुढं पणती ठेवायच्या आणि घरी जाऊन आईला फोन करायच्या. "काकू, दिवा लावला हो!" एवढं वाक्य झालं की मग दहा मिनिटं गावच्या गोष्टी. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या फणसाला यंदा कुयऱ्याच धरल्या नाहीत, देवळातल्या उत्सवाची पाळी कुणाकडे आहे. फोन ठेवला की आई पुण्यात परत यायची आणि "आज भाजी कसली केलीयेस गं?" म्हणून सुनेला विचारायची.

यात खरं म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. पण न बिघडलेलं दुरुस्त करायला जाणं ही निवृत्त माणसाची खोड असते. मी टेलिफोन खात्यात ३७ वर्षं काढली. जुन्या एक्स्चेंजमध्ये हजारो रिले रात्रंदिवस टकटकत असायचे. त्या टकटकाटात माझं तारुण्य गेलं. हाताला काम नसलं की मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यात २०२२ च्या श्रावणात वहिनी आमच्या अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या. उजवा हात मुरगळला. तरी दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं दिवा लावून गेल्या. त्यांचीही साठी उलटलेली. ते ऐकून मला फार ओशाळल्यासारखं झालं. या माउलीला आता या कामातून मोकळं करायचं, असं मी ठरवून टाकलं. त्यांना काय वाटतं हे विचारायचं मात्र राहून गेलं.

माझा भाचा संगणकाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "मामा, त्यात काय एवढं! वायफायवर चालणारा तयार प्लग मिळतो. तो लावा की झालं."

पण तयार प्लगाचा प्रसाद मी आधीच घेऊन बसलो होतो. आमच्या गॅलरीतल्या दिव्याला असाच एक प्लग लावला होता. दीड वर्ष त्यानं इमानानं काम केलं. मग एके दिवशी त्याच्या कंपनीनं आपला कारभार आवरला आणि प्लग मुका झाला. तेव्हा मला कळलं, की मी दिवाणखान्यात बसून हुकूम सोडला की तो दहा हातांवरच्या गॅलरीत सरळ जातच नव्हता. तो आधी साता समुद्रांपलीकडच्या कुठल्याशा दरबारात जायचा, तिथं मुजरा करायचा आणि मग परवाना घेऊन गॅलरीत यायचा. दरबारच बरखास्त झाल्यावर परवाना देणार कोण? प्लग शाबूत, तार शाबूत, दिवा शाबूत. पण आपल्या घरातला दिवा आपल्याला लावता येत नाही! पैसे मोजले होते वस्तूचे, आणि हाती आली होती ती नुसती परवानगी.

आईच्या ओटीवरचा दिवा असा परक्याच्या परवानगीवर टांगायचा हे काही मला पटेना. तेव्हा भाचा हसून म्हणाला, "मग मामा, तुम्हीच करा. नाहीतरी रिलेंतच तुमचा जन्म गेलाय." आणि आठवड्याभरात त्यानं माझ्या तळहातावर एक निळा तुकडा आणून ठेवला.

काडेपेटीहूनही लहान असा तो बोर्ड. किंमत दोन-अडीचशे रुपये. मध्ये टिनाच्या टोपणाखाली एक चिप, कडेला पिनांची भोकं, आणि एका टोकाला फोनला असते तशी तार जोडायची खाच. चिपचं नाव ईएसपी ८२६६. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीनं ती २०१४ साली बाजारात आणली, आणि वायफाय ही चीज एकाएकी चहा-चिवड्याच्या भावात आली. एवढ्याशा तुकड्यात गणकयंत्र आहे, ४ मेगाबाइटची स्मरणाची जागा आहे आणि हवेतून बोलण्याची विद्याही आहे. नाही ती एकच गोष्ट: काय करायचं याची अक्कल. ती आपण भरायची.

या अकलेला फर्मवेअर म्हणतात. शब्द मोठा आहे. अर्थ एवढाच, की यंत्राच्या अंगात मुरवून ठेवलेली शिकवण. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. माझ्या बोर्डासाठी भाच्यानं जी निवडली तिचं नाव टास्मोटा. थिओ आरेंड्स नावाच्या एका डच गृहस्थांनी २०१६ साली ती सुरू केली. सोनऑफ नावाचे स्वस्त चिनी स्विच मिळतात. त्यांच्यात याच जातीची चिप असते. ते स्विच परक्या दरबाराला न विचारता घरातल्या घरात चालावेत, म्हणून आरेंड्सनी त्यांच्यासाठी ही नवी शिकवण लिहिली. लिहिली ती लिहिली, आणि जगाला फुकट देऊन टाकली! कुणीही घ्यावी, उघडून वाचावी, चूक दिसली तर सुधारावी. अट एकच: सुधारून पुढं वाटलीत तर तीही अशीच उघडी ठेवायची. देशोदेशीच्या माणसांनी मग तिच्यात भर घातली. हे ऐकून मला आमच्या गावची सार्वजनिक बाव आठवली. खणली एकानं, कठडा बांधला दुसऱ्यानं, गाळ उपसतात सगळे, आणि पाण्याला पैसे पडत नाहीत.

आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे तू दिव्याला गडी ठेवतोयस." तेव्हापासून आमच्या घरात त्या बोर्डाचं नाव 'गडी' पडलं.

गडी कामावर रुजू व्हायला मात्र फार दिवस लागले. भाच्यानं आपला जुना संगणक मला देऊन ठेवला होता आणि काय काय करायचं ते वहीत लिहून दिलं होतं. मी तार जोडली. बोर्डावर मिणमिणता निळा दिवा लागला. पण संगणक म्हणे, मला काही दिसतच नाही. तार काढली, घातली. संगणक बंद केला, सुरू केला. दोन संध्याकाळी यात गेल्या. तिसऱ्या दिवशी भाचा आला आणि त्यानं फक्त तार बदलली. माझी तार निव्वळ फोन भारण्याची होती. यूएसबीच्या तारेत खरं म्हणजे चार वाहक असतात. दोन विजेचे, दोन बोलण्याचे. स्वस्त तारांत बोलण्याचे दोन घालतच नाहीत. म्हणजे गड्याला जेवण पोचत होतं, पण हाक पोचत नव्हती. ३७ वर्षं तारांत काढलेल्या माणसाला ही गोष्ट चार दिवस कुणाला सांगवेना.

मग काम सरळ झालं. आधी बोर्डाची पाटी पुसायची, मग तिच्यावर नवी शिकवण लिहायची. काळ्या पडद्यावर आकडे पळू लागले. २ टक्के, ९ टक्के, ४० टक्के. मी श्वास रोखून बसलो होतो. मिनिटाभरात शंभर झाले, आणि लिहिलेलं बरोबर उतरलं आहे अशी खातरजमा संगणकानं आपली आपणच करून घेतली. बोर्ड पुन्हा सुरू केला तर काय, त्यानं स्वतःचं एक वायफाय उभं केलं! फोननं त्याला जोडून घेतलं आणि १९२.१६८.४.१ हा पत्ता उघडला, की तो विचारतो, तुमच्या घरच्या वायफायचं नाव काय आणि परवलीचा शब्द काय. एकदा सांगितलं की स्वतःचं ते वायफाय मिटवून टाकतो आणि गुमान घरच्या माणसांत येऊन बसतो.

या सगळ्यात एक गोष्ट मला चटका लावून गेली. या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नाही. वीज गेली की वेळ विसरतो. वीज आली की इंटरनेटवर जाऊन किती वाजले ते विचारून घेतो. आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्या नोंदींत तारीख असते १ जानेवारी १९७०! संगणकांच्या जगात काळाची मोजणी बहुधा तिथून करतात, एवढंच त्याचं कारण. पण मी त्या तारखेकडे पाहतच राहिलो. १९७० च्या जानेवारीत मी सोळा वर्षांचा होतो. आमच्या घरात वीज यायला अजून चार वर्षं होती. रोज तिन्हीसांजेला आई ओटीवर बसून चुलीतल्या राखेनं कंदिलाची काच पुसायची, वात कातरायची आणि कंदील आढ्याला टांगायची. पस्तिशीची होती तेव्हा ती. हा गडी दर वेळी झोपेतून जागा होताना क्षणभर त्याच दिवसांत जाऊन येतो. आईचंही रोज संध्याकाळी तेच होतं. फरक इतकाच, की गड्याला आजची तारीख कुणी तरी सांगतं.

रिले जोडली तर ती उलट्या डोक्याची निघाली. लाव म्हटलं की विझायची, विझव म्हटलं की लागायची. पण अशा रिलेही जगात पुष्कळ असाव्यात, कारण टास्मोटात त्यासाठी वेगळी निवड करून ठेवलेली होती. ती केली आणि बाईसाहेब सुतासारख्या सरळ झाल्या. माझं संसारातलं ज्ञान मी इथं पाजळत नाही, सौ. हा अंक वाचणार आहे.

आता राहिला निरोपाचा प्रश्न. दिवा लागल्याचं आईला पुण्यात कळायला हवं. त्यासाठी एमक्यूटीटी नावाची निरोपांची एक पद्धत आहे. १९९९ साली आयबीएमच्या अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी ती रचली, ती लांबलांबच्या तेलाच्या नळांची खबर उपग्रहामार्फत मिळावी म्हणून. उपग्रहाचं बोलणं महाग, म्हणून निरोप अगदी मोजके. मध्ये एक निरोप्या असतो. पाठवणारा त्याच्याकडे ठेवतो, ज्याला हवा तो त्याच्याकडून घेतो. भाच्यानं अशा निरोप्याची सोय करून दिली. या पद्धतीत आणखी एक गंमत आहे. यंत्र निरोप्याला जोडलं जातं तेव्हाच ते आपलं मृत्युपत्र त्याच्यापाशी ठेवतं: 'मी अचानक गप्प झालो, तर माझ्या नावानं एवढं सगळ्यांना कळवा.' आईला हे सांगितलं तर ती खळखळून हसली. "शहाणा आहे हो तुझा गडी. माझं अजून लिहायचंच राहिलंय."

२०२३ च्या मे महिन्यात मी गड्याला घेऊन गावी गेलो. तिथं एक अडचण उभी राहिली. आमच्या बंद घरात वायफाय कुठलं? गावात ते होतं वहिनींकडे. त्यांच्या मुलानं मुंबईहून पैसे पाठवून घेतलेलं. ते गडग्यावरून आमच्या ओटीपर्यंत येत होतं. टास्मोटात दोन वायफायांची नावं लिहून ठेवायची सोय असते. एक आमच्या पुण्याच्या घराचं होतं, दुसरी जागा मोकळी होती. मी वहिनींकडे जाऊन परवलीचा शब्द मागितला. म्हणजे पाहा, त्यांना त्रास नको म्हणून आणलेलं यंत्र त्यांच्याच घरातून वायफाय मागून घेत होतं!

त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. कागदावर लिहून दिलं. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "वहिनी, आता दिवा आपोआप लागेल. उद्यापासून तुम्हाला त्रास नाही."

त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "त्रास कुठला, भावोजी." मग थोडं थांबून, "म्हणजे आता मी यायला नको."

"पावसात तर मुळीच नको," मी म्हणालो. मला वाटलं, त्यांना हायसं झालं असेल.

मेन स्विच बंद करून मी रिले दिव्याच्या तारेत बसवली, बोर्डाला फोनच्या चार्जरवर ठेवलं, सगळं डब्यात झाकलं आणि सूर्यास्ताला दिवा लागावा असं नेमून दिलं. हे टास्मोटाचं खरं कौतुक. सात वाजता लाव, असं त्याला सांगावं लागत नाही. अक्षांश-रेखांश दिले की रोजचा सूर्यास्त तो स्वतः काढतो. पंचांग पाठच असल्यासारखं!

सूर्यास्त झाला. दिवा लागला नाही. अंधार पडला, रातकिडे ओरडू लागले, तरी ओटी काळोखातच. गडग्यापलीकडे वहिनी उभ्या असलेल्या दिसल्या. पण त्या आल्या नाहीत. मी हातानं कळ दाबून दिवा लावला, झोपताना मालवला आणि खजील होऊन ओटीवरच पसरलो. रात्री एकच्या सुमारास टक् असा आवाज झाला आणि अख्खी ओटी लख्ख उजळली! मी दचकून उठलो. वाडीतली कुत्री भुंकू लागली. गडग्यापलीकडून वहिनींच्या यजमानांची हाक आली, "कोण आहे रे तिकडे?" मी म्हणालो, "मीच. दिवा लागलाय."

सकाळी उलगडा झाला. वेळ मी भारताची दिली होती. पण अक्षांश-रेखांश द्यायला विसरलो होतो. आपण न दिले तर टास्मोटा ते आपल्या मनानं धरतो, आणि त्याच्या मनातली जागा म्हणजे पॅरिसचा आयफेल टॉवर! तेव्हा आमच्या ओटीवरचा दिवा आयफेल टॉवरमागं सूर्य बुडायची वाट पाहत बसला होता. मी अक्षांश १७.४८ आणि रेखांश ७३.१९ भरले. त्या संध्याकाळी सातच्या सुमारास, समुद्राकडचं आभाळ तांबूस असतानाच, टक् झालं. मला लहान मुलासारखा आनंद झाला. परतीच्या वाटेवर घाट चढताना मी मनातल्या मनात वहिनींना मोकळं केल्याचं पुण्यही जमेला धरलं.

पुण्यात रोज सूर्यास्ताला माझ्या फोनवर निरोप येऊ लागला: दिवा लावला. मी तो आईला दाखवायचो. पहिले चार दिवस तिनं चष्मा लावून पाहिला. मग नुसती मान हलवायची. मग तर मी फोन पुढं केला तरी खिडकीबाहेरच बघायची. साडेसहाला ती गावी जायची ती आता जेवायच्या वेळेपर्यंत परतच यायची नाही. पानावर बसूनही गप्प. सौ. मला म्हणाली, "आईंचं काही तरी बिनसलंय." मी म्हटलं, वय झालं. मोठ्या माणसाचं काही कळेनासं झालं की आपण ते त्याच्या वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

आषाढ गेला. श्रावणात एका संध्याकाळी निरोप आला: दिवा लावला. मी सवयीनं म्हणालो, "आई, लावला गं." आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. तीन महिन्यांत त्या वेळेला तो वाजला नव्हता. वहिनी होत्या.

"काकू, आज तुमची ओटी काळोखात दिसते हो. म्हटलं विचारावं. येऊ का लावायला?"

मी फोनमध्ये पाहिलं. गडी ठामपणे सांगत होता, लावला. वहिनी सांगत होत्या, काळोख आहे. त्या भर पावसात इरलं घेऊन गेल्या. दिव्याचा बल्ब गेला होता. आपल्या पडवीतला काढून त्यांनी तिथं बसवला. मग दोघी अर्धा तास बोलल्या. म्हैस, फणस, उत्सव, सगळा तुंबलेला हिशेब चुकता झाला. फोन ठेवून आई माझ्याकडे वळली. कित्येक दिवसांनी ती पुण्यात, त्या खुर्चीत, पुरतेपणी बसलेली मला दिसली.

"म्हणजे तुझा गडी नुसतं 'लावला' म्हणतो," ती म्हणाली. "'लागला' म्हणत नाही."

मी काय बोलणार? तिनं एका अक्षराच्या फरकात माझी ३७ वर्षं पकडली होती. टेलिफोनच्या धंद्यात ही गोष्ट पहिल्या महिन्यात शिकवतात. आपण फोन लावल्यावर कानात जी घंटी ऐकू येते, ती पलीकडच्या घरातली घंटी नव्हेच! ती आपल्याला धीर वाटावा म्हणून एक्स्चेंजनं वाजवलेली असते. पलीकडे घंटी खरोखर वाजली का, कुणी ऐकली का, ते पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणेल तेव्हाच कळतं. माझ्या बोर्डाला ठाऊक होतं ते फक्त आपण रिलेला हुकूम दिला एवढंच. पुढं उजेड पडला की नाही हे पाहायला तिथं डोळा नव्हता. जो होता, त्याला मी पदरचे पैसे खर्चून सुट्टी दिली होती.

भाच्याला कळवलं तर तो म्हणाला, "सोपं आहे मामा. बोर्डावर ए-शून्य नावाची एक पिन असते. तिला उजेड मोजणारं छोटं भिंग लावू. मग उजेड पडला तरच तो 'लागला' म्हणेल." दहा-वीस रुपयांचं काम. मी ते भिंगही आणलं आणि मोठ्या उत्साहानं आईला दाखवलं.

तिनं ते बोटांत धरून खालीवर पाहिलं. "हे बघेल?"

"हो."

"आणि बोलेल माझ्याशी?"

मी गप्प बसलो. तिनं भिंग माझ्या हातात परत ठेवलं आणि स्वतः वहिनींना फोन लावला. "अगं, दिवा लावायला गडी ठेवलाय आम्ही. तू पावसात येऊ नकोस. पण तुझ्या ओटीवरून बघत जा बाई, आणि मला सांगत जा. त्याचं काही खरं नाही." पलीकडून वहिनी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण आईचा चेहरा मला दिसत होता.

भिंग माझ्या टेबलाच्या खणात अजून पडून आहे.

त्या वर्षी दिवाळीला आईला गाडीत निजवून हळूहळू गावी नेलं. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. संध्याकाळी तिला ओटीवर खुर्ची दिली. समोर अंगण सारवलेलं, तुळशीपुढं रांगोळी. ती काही न बोलता डब्याकडे पाहत होती. सहाच्या सुमारास टक् झालं आणि दिवा लागला. ती किंचित दचकली, मग नेहमीसारखे दिव्याला हात जोडले आणि म्हणाली, "आला हो वेळेवर." गड्याच्या चाकरीची तिनं दिलेली ती पहिली पावती.

इतक्यात बेडं वाजलं. वहिनी पणत्यांचं तबक घेऊन आल्या. एक तुळशीपुढं ठेवली, एक पायरीवर, एक आईच्या पायाशी. मग पदर सावरून उभ्या राहिल्या, आणि आई हाताच्या अंतरावर बसलेली असतानाही, रोजच्या सवयीनं म्हणाल्या,

"काकू, दिवा लागला हो!"

"बघितला गं," आई म्हणाली, "बघितला."